एकसष्ट किलोंत बसवलेला मुलगा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला विषय कळवला: ‘खेळ, अभ्यास आणि कर्तव्य यांचा समतोल’. विषय भाषणाला उत्तम आहे. पारितोषिक वितरणाच्या दिवशी तो मी अनेक व्यासपीठांवरून ऐकला आहे. समतोल साधायचा तो मुलांनी, असा या भाषणांचा रोख असतो. पारड्यात हात घालून बसलेल्या मोठ्या माणसांबद्दल त्यांत चकार शब्द नसतो. मी त्यांच्याबद्दल लिहिणार आहे. संपादकांना ते मानवणार नसेल तर त्यांनी लेख परत पाठवावा. पाकिटावर माझा पत्ता आहे.

मी लष्करात शारीरिक प्रशिक्षणाचा निदेशक होतो आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा क्रमवार वृत्तान्त पेन्शन कार्यालयाला ठाऊक आहे, तो येथे देत नाही. त्यातली बरीच वर्षे अधिकारी घडवणाऱ्या एका प्रबोधिनीत गेली. नंतर आमच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या धरणाखालच्या उसाच्या पट्ट्यात एक खासगी निवासी सैनिकी शाळा निघाली, तेथे मी शिस्त आणि कवायतीचे काम पाहिले. दोन्ही ठिकाणी काम एकच होते. एका मुलाच्या एका दिवसात तीन दिवसांचे काम बसवायचे आणि तरी तो मुलगा शाबूत ठेवायचा.

बाहेरच्या माणसाला हे काम समजत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. प्रबोधिनीतला कॅडेट पहाटे उठतो. व्यायाम, कवायत, मग वर्ग. दुपारी खेळ. संध्याकाळी सक्तीचा अभ्यास. या सगळ्याच्या मधल्या फटींत ड्यूट्या असतात: पहारा, शस्त्रागार, भोजनगृह, आजाऱ्यांची देखभाल. जो कॅडेट संघातून खेळतो त्याला सराव जास्त. मग तो म्हणतो, मला वर्गातून सूट द्या, ड्यूटीतून सूट द्या. आमच्याकडे याचे उत्तर ठरलेले होते. सूट मिळणार नाही, वेळापत्रक मिळेल. सराव कधी करायचा ते निदेशकाने त्याच्याबरोबर बसून ठरवायचे, आणि त्यासाठी निदेशकाला आपली झोप मोडावी लागली तर ती मोडायची. नियमाचा हा दुसरा भाग लोक सोयीस्कर विसरतात.

एक उदाहरण देतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिला येणारा एक कॅडेट होता. नकाशावाचनाच्या तासाला तो सरावाच्या नावाखाली दांडी मारी. त्याचा निदेशक मऊ होता. पुढे मैदानी सरावात हा पठ्ठ्या तुकडीचा म्होरक्या झाला आणि तुकडी घेऊन भलत्याच टेकडीकडे निघाला. पायांत वेग असल्यामुळे तो इतर कोणापेक्षाही जास्त लांब चुकला. तुकडी जेवणावाचून राहिली. दुसऱ्या दिवसापासून नकाशाच्या तासाला तो पहिल्या बाकावर दिसू लागला, कारण मागच्या बाकांवर त्याच्या तुकडीतले उपाशी राहिलेले लोक बसत.

हा हिशेब घेऊन मी बीडला आलो. येथे वेगळेच प्रकरण होते.

या शाळेत ‘सराव माफी’ नावाची सोय होती. संघातल्या मुलाला वर्ग माफ, ड्यूटी माफ, संध्याकाळचा अभ्यास माफ. ही माफी शाळेचा कुस्तीचा वस्ताद देई आणि वस्तादाला ती द्यायला संस्थेचे अध्यक्ष सांगत. अध्यक्षांना परिसरात सगळे ‘दादा’ म्हणतात. दादांची जमीन मोठी, राजकारणही मोठे. त्यांच्या दालनात एक काचेचे कपाट आहे. पाहुणा आला की आधी कपाट, मग चहा. कपाटातले चषक ज्यांनी आणले ती मुले कोठे आहेत, असे कोणी पाहुण्याने विचारल्याचे मला आठवत नाही. मी सांगतो. कबड्डीत एके काळी जिल्हा गाजवलेला एक जण माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करतो. त्याचा डावा गुडघा गेला आहे. बारावीला तो दोन वेळा बसला. मी मोंढ्यात गेलो की पाठीवर पोते असले तरी तो टाचा जुळवून उभा राहतो. त्याला ‘आराम’ म्हणेपर्यंत तो हलत नाही, म्हणून मी मोंढ्यात जाणे कमी केले.

आणि ज्यांना खेळायचेच नसते त्यांची तऱ्हा आणखी निराळी. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात हे सर्वांना माहीत आहे. एकदा उमापूरकडचे एक बागायतदार जीप घेऊन आले. बरोबर गुबगुबीत चिरंजीव. मला म्हणाले, मुलाला खेळाचे प्रमाणपत्र पाहिजे.

“कोणत्या खेळाचे?”

“कोन्त्याबी लिवा साहेब. मार्क सारखेच हायेत.”

“त्याला कोणता खेळ येतो?”

“त्याला कावून यावा लागतो? मार्क काय पोराला हायेत का? सर्टिफिकिटाला हायेत.”

मी मुलाला मैदानाला एक फेरी मारायला सांगितले. तो अर्ध्यावर गेला, जीपकडे वळला आणि आत जाऊन बसला. बागायतदार समाधानाने माझ्याकडे वळून म्हणाले, “बघितलं ना? पळालं की.”

त्यांना मी फाटकापर्यंत पोचवले. प्रमाणपत्र त्यांना दुसरीकडून मिळाले. मुलाने कोणता खेळ गाजवला हे त्यांनी नंतर मला आनंदाने कळवले, पण तो खेळ कसा खेळतात हे त्यांना सांगता आले नाही.

असो. चीड येते ती या बागायतदारांची नव्हे. त्यांनी मुलासाठी फुकटचे गुण मागितले, मुलगा कोणाला विकला नाही. आता ज्यासाठी हा लेख लिहितो आहे त्याकडे येतो.

बारावीच्या वर्गात किसन नावाचा कॅडेट होता. आईवडील ऊसतोडणीला जातात. दसरा झाला की घराला कुलूप, आणि मग उन्हाळा लागेपर्यंत दोघे कोणत्या तरी कारखान्याच्या उसाच्या फडात. त्यामुळे वसतिगृहातला पलंग हेच या मुलाचे घर. बोलणे कमी, अंग कसलेले, वजन पासष्ट किलो. मातीतली कुस्ती गावात शिकला होता, गादीवरची इथे शिकला. त्याला अधिकारी व्हायचे होते आणि प्रबोधिनीची लेखी परीक्षा सप्टेंबरातल्या एका रविवारी संभाजीनगरला होती. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, बीडला जिल्हा कुस्ती स्पर्धा. शनिवारी कुस्ती, संध्याकाळी एसटी, रविवारी पेपर. कठीण होते, पण जमण्यासारखे होते. त्याच्याबरोबर बसून मीच तो आराखडा केला होता.

कुस्तीत वजनगट असतात आणि प्रत्येक गटात शाळेचा एकच मल्ल उतरतो. पासष्ट किलोंत किसनची जागा सरळ होती. पण दादांचा पुतण्याही त्याच वजनाचा. सरावात किसन त्याला सहज चीत करी, ही गोष्ट पुतण्याही नाकारत नसे. पुतण्याला पासष्टात उतरवायचे ठरले. मग किसनला एकसष्टात बसवायचे ठरले. एकसष्टात बसायचे म्हणजे आठवड्यात चार किलो कमी करायचे. आठवड्यात चार किलो चरबी जात नाही. पाणी जाते. खाणे तोडायचे, पाणी तोडायचे, अंगात प्लास्टिकचा अंगरखा घालून उन्हात पळायचे, थुंकत राहायचे. मल्ल याला वजन उतरवणे म्हणतात. शरीराचा अभ्यास केलेला माणूस म्हणून मी सांगतो, की वाढत्या वयाच्या मुलाकडून हे करवून घेणे हा छळ आहे. त्याच मुलाला दुसऱ्या दिवशी गणिताच्या पेपराला बसायचे असेल, तर ती लूटही आहे.

मला हे कोणी सांगितले नव्हते. मला ते कळले भोजनगृहात.

शाळेत आल्यावर ड्यूटीची माफी मी प्राचार्यांकडून बंद करवून घेतली होती. वर्गांची माफी बंद करणे माझ्या हातात नव्हते. त्यामुळे संघातल्या मुलांनाही ड्यूटी लागे, आणि त्या आठवड्यात भोजनगृहाचा ड्यूटी कॅडेट किसन होता. ही ड्यूटी साधी असते. सगळ्यांना वाढून होते आहे ना, कोणी उपाशी नाही ना, पाण्याचे पिंप भरलेले आहे ना, हे पाहायचे. स्वतः सर्वांत शेवटी जेवायचे. मग माझ्यासमोर येऊन सांगायचे: “सर्व कॅडेट जेवले, साहेब. ड्यूटी कॅडेट जेवला.” ही दोन वाक्ये मी पलटणीतून आणली होती. दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे असते. इतरांची काळजी घेणारा माणूस स्वतः उपाशी राहून मोठेपणा मिरवू लागला, तर तो दोन दिवसांत निकामी होतो.

सोमवारी किसन आला आणि म्हणाला, “सर्व कॅडेट जेवले, साहेब.” आणि थांबला. विसरला असेल, असे मी धरले. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी मी त्याच्याकडे नीट पाहिले. डोळे आत गेलेले, ओठांना भेगा. हातात पाण्याचा जग होता. त्या जगाने तो तीन दिवस शाळेतल्या सगळ्या मुलांना पाणी वाढत होता.

“दुसरे वाक्य?”

त्याने जग दुसऱ्या हातात घेतला. खोटे सांगायचे नव्हते आणि वस्तादाचे नाव घ्यायचे नव्हते. त्याला जे वाक्य म्हणता येत नव्हते ते त्याने गाळले होते, एवढेच.

मी वस्तादाकडे गेलो. वस्ताद वाईट माणूस नव्हे. दर वर्षी नव्याने करार करून नोकरी टिकवणारा माणूस आहे.

“चार किलो म्हंजे काय वो सुभेदारसाहेब,” तो म्हणाला. “आमी तर सा-सा किलो वाळवलेत. थुकून थुकून तोंडाला कोरड पडायची, पर वजनाला बसायचो.”

“आणि कुस्ती?”

“कुस्ती व्हायची की. कवा जितायचो, कवा घेरी यायची.” मग खालच्या आवाजात म्हणाला, “पासष्टात तुमी उतरवा त्याला. मला जमंल का? मी दादांचं मीठ खातो.”

मी दादांकडे गेलो. काचेचे कपाट पाहिले, चहा नको म्हटले आणि माझे म्हणणे मांडले: रविवारी मुलाची परीक्षा आहे. दादांनी शांतपणे ऐकले. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तो चढवायला त्यांच्याकडे माणसे आहेत. ते म्हणाले, परीक्षा काय, पुन्हा एप्रिलमध्ये येते. स्पर्धा वर्षातून एकदाच. शिवाय वसतिगृहातल्या मोफत जागा खेळाडूंसाठी आहेत, आणि खेळायला नाही म्हणणाऱ्याला खेळाडू कसे म्हणणार? हे धमकीसारखे वाटू नये म्हणून त्यांनी मध्ये खिडकीबाहेरच्या उसाचे कौतुक केले. शेवटी म्हणाले:

“आणि सुभेदारसाहेब, किसन शिस्तीचा मुलगा आहे. तो ऐकतोय. ऐकायला तुम्हीच शिकवलंय ना?”

लष्करात मी बोलणी खाल्ली आहेत. त्यांतली बहुतेक विसरलो. हे वाक्य विसरलेलो नाही. ज्या शिस्तीने मूल उभे राहावे ती आम्ही घडवायची, आणि तयार झालेली शिस्त या माणसांनी लगामासारखी वापरायची. मुलगा ऐकतो, म्हणून त्याचे पाणी तोडता येते. पुतण्या ऐकत नाही, म्हणून त्याला पासष्टात जागा मिळते.

गुरुवारी मी किसनला बोलावले आणि पाणी पी म्हणून सांगितले. तो सावधान उभा होता.

“साहेब, दोन हुकूम झाले,” तो म्हणाला. “कुनाचा पाळू?”

प्रश्न योग्य होता आणि त्याला उत्तर देणे माझे काम होते. मी त्याला सांगितले की जो हुकूम माणसाला त्याच्या ड्यूटीसाठी निकामी करतो, तो देणाऱ्याची खुर्ची केवढीही मोठी असो, हुकूम होत नाही. मग विचारले, “तुझी ड्यूटी कोणती?”

“रविवारचा पेपर, साहेब.”

“मग ठरव.”

“हॉस्टेल जाईल, साहेब. आई-बापू दसऱ्यानंतर जातेत. मंग मलाबी कोयता धरून जावं लागंल.”

 घसा धरून पाणी पाजणे मला शक्य होते. पण तोही त्याच्यावर लादलेला आणखी एक हुकूमच ठरला असता. मी त्याला जायला सांगितले.

शुक्रवारी दादांनी छायाचित्रकार बोलावला. विजयाचे फ्लेक्स लवकर छापून मिळत नाहीत, म्हणून विजयाच्या आधीच छायाचित्रे काढून ठेवण्याची आमच्याकडे पद्धत आहे. मुलांना एकेक करून पवित्र्यात उभे केले. किसनही उभा राहिला. छायाचित्रकाराने त्याला हसायला सांगितले. हसताना त्याच्या ओठाची भेग उकलली, ती मी पाहिली.

शनिवारी सकाळी बीडच्या क्रीडासंकुलात वजने सुरू झाली. किसनचे वडील ज्ञानोबा गावाहून आले होते. पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पाण्याची बाटली. फडात पाणी असेच नेतात, दुपारपर्यंत गार राहते. मुलगा कुस्ती खेळणार म्हणून बाप कौतुकाने आला होता. बाकी त्याला काही माहीत नव्हते.

मुख्य वजनाआधी मुले आपापल्या शाळेच्या काट्यावर उभी राहून पाहतात. किसन उभा राहिला. वजन एकसष्टच्या वर पावशेराहून थोडे जास्त भरले. वस्ताद घड्याळ पाहू लागला. म्हणाला, उड्या मार. मुलगा उड्या मारू लागला. म्हणाला, थुंक. थुंकायला तोंडात काही नव्हते. मग वस्तादाने कोणाकडून तरी कात्री मागवली आणि त्याचे केस कापायला सुरुवात केली. केसांचे वजन ते किती! पण माणूस घाबरला की तेही मोजतो. मुलगा मान खाली घालून बसला होता आणि केस त्याच्या उघड्या पाठीवर पडत होते.

ज्ञानोबा माझ्याजवळ आला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचे होते.

“साहेब, फडात आमी पाणी प्यायला थांबलो की मुकादम वरडतो. पर पाणी पिऊ नको असं त्योबी म्हनत न्हाई. हितं कावून बंद केलंय?”

  या जिल्ह्याने तहान पाहिली आहे. टँकरमागे पळणारी गावे मी लहानपणापासून पाहत आलो. ती तहान पाणी नव्हते म्हणून होती. पिंप भरलेले असताना, जग हातात असताना, एका माणसाच्या पुतण्याला जागा हवी म्हणून मुलाला तहानलेले ठेवायचे, ही नवी तहान आमच्या शिक्षणसंस्थांनी काढली आहे.

बापाचा प्रश्न मुलाने ऐकला होता. तो उठला. अर्धे केस कापलेले, अर्धे तसेच. वडिलांकडे जाऊन त्याने हात पुढे केला.

“बापू, बाटली द्या.”

वस्ताद म्हणाला, “किसन्या, फकस्त तोंड खळाळ. गिळू नको बे.”

किसनने गोणपाट बाजूला केला आणि पाणी प्यायला सुरुवात केली. मध्ये थांबला नाही. घोटाघोटाने गळा हलताना दिसत होता. आजूबाजूला इतर शाळांची वजने उतरवलेली मुले बसली होती, त्यांनी माना वर केल्या. त्या मुलांचे डोळे मी विसरणार नाही. ती त्याच्याकडे पाहतच नव्हती, बाटलीकडे पाहत होती. बाटली रिकामी झाली. किसनने ती वडिलांना परत दिली, तोंड पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“ड्यूटी कॅडेट पाणी प्याला, साहेब.”

मी ‘ठीक’ म्हटले. याहून अधिक म्हणण्याची मला सवय नाही.

मग तो नियमाप्रमाणे मुख्य काट्यावर उभा राहिला. गैरहजर राहणे त्याला मान्य नव्हते. पंचांनी आकडा पाहिला, मान हलवली आणि एकसष्टच्या यादीतून त्याचे नाव काढले. पासष्टमध्ये त्याचे नाव नव्हतेच. ज्ञानोबाने लाडू काढले. मुलाने तिथेच पायरीवर बसून ते खाल्ले. दुपारी पासष्टात पुतण्या पहिल्याच फेरीत पडला. त्याला मी दोष देत नाही, तो त्याच्या ताकदीप्रमाणे लढला. संध्याकाळच्या एसटीने मी, किसन आणि ज्ञानोबा संभाजीनगरला गेलो. अर्धे केस कापलेला तो मुलगा रविवारी पेपरला बसला. हजेरी घेणाऱ्याने दोनदा वर पाहिले, असे त्याने मला सांगितले.

परीक्षेत तो नापास झाला. वाचकांना गोड शेवट हवा असतो, पण त्याला इलाज नाही. इंग्रजी निघाले, गणित राहिले. गणित राहायचेच होते, कारण वर्षभर गणिताच्या तासाला तो ‘सराव माफी’वर आखाड्यात होता. ज्यांनी त्याचे गणित माफ केले, त्यांनी ते परत आणून दिले नाही.

दसऱ्याआधी वसतिगृहातली त्याची जागा रद्द झाली. कारण लेखी दिले नाही. शाळेतून नाव काढले नाही, कारण बारावीच्या पटावर डोकी लागतात. माझ्या कराराविषयीही मला त्याच सुमारास कळवण्यात आले की दिवाळीनंतर येण्याची आवश्यकता नाही. आम्ही घरी दोघेच, आणि पुढची खोली रिकामी होती. मुलाला ठेवून घ्याल का, असे ज्ञानोबा विचारायला आला तेव्हा मी होकार दिला आणि अटी सांगितल्या: पहाटे उठणे, शाळा न चुकवणे, गणित रोज. वळकटी आणि पत्र्याची पेटी वस्तादाने आपल्या मोटारसायकलवर बांधून आणली. चहा घेतला नाही. उंबऱ्यापाशी रेंगाळला आणि म्हणाला:

“पासष्टात पोरगं जितलं असतं, साहेब.”

“माहीत आहे,” मी म्हणालो. तो गेला.

पहिल्या रात्री मुलगा ताट घेऊन बसेना. आम्ही जेवून होईपर्यंत भिंतीशी उभा. सौभाग्यवतींना हे पलटणीचे खेळ पहिल्यापासून आवडत नाहीत. त्या म्हणाल्या, “हितं कुनी ड्यूटीवर न्हाई. बस गुमान.” तो बसला. मी इतकी वर्षे लावलेली शिस्त त्यांनी एका वाक्यात सुधारली आणि ते योग्यच झाले.

हिवाळाभर गणित चालले. एप्रिलमध्ये तो पुन्हा परीक्षेला बसला आणि लेखीत उत्तीर्ण झाला. निकाल लागला त्याच आठवड्यात शाळेतून माणूस आला: दादांनी अभिनंदन सांगितले आहे, सत्काराला यावे. किसनने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, हुकूम नाही, तुझे तू ठरव. तो गेला नाही. तो गेला नाही म्हणून काही अडले नाही. सत्कार त्याच्यावाचून झाला.

मुलाखतीच्या बोलावण्याप्रमाणे तो निघाला तेव्हा परभणीपर्यंत पोचवायला मी बरोबर होतो. माजलगावच्या चौकात एसटी थांबली. खिडकीसमोरच फ्लेक्स होता. वर दादा, दोन्ही हात जोडलेले, पुरुषभर उंच. बाजूला पुतण्या, मार्गदर्शक म्हणून. खाली कोपऱ्यात किसन, कुस्तीच्या पवित्र्यात. मजकूर होता: ‘खेळ, अभ्यास आणि शिस्त यांचा सुरेख समतोल साधणारा आमच्या संस्थेचा विद्यार्थी.’

छायाचित्र त्या शुक्रवारचे होते. त्यांच्याकडे दुसरे नव्हतेच. मोठे करून छापल्यामुळे सगळे स्पष्ट दिसत होते: आत गेलेले डोळे, वर आलेली गालफडे, हसताना उकललेली ओठाची भेग. चौकातून शेकडो माणसे जात होती. त्यांत शिकलेली पुष्कळ असतील. फ्लेक्सखाली एक जण चहा पीत उभा होता.

किसनने कोपऱ्यातल्या आपल्या छायाचित्राकडे पाहिले. मग सांगायचे म्हणून सांगितले:

“त्या दिवशी लई तहान लागलती, साहेब.”

गाडी सुटली. मी पिशवीतून बाटली काढून त्याला दिली.